उलट्या हाताचे बन्सीनाना

आमच्या शेजारचे बन्सीनाना कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावतात. फ्रिज, लोखंडी गेट, टेम्पोचं दार, देवळातली घंटा, काहीही असो. आधी बोटांची मागची बाजू टेकवायची आणि मगच पकडायचं. माझ्या मेव्हणीच्या लग्नात ते आहेर द्यायला स्टेजवर चढले, नवरदेवाच्या चकचकीत खुर्चीला उलटा हात लावून बघितला आणि म्हणाले, "बसा, काय न्हाई." नवरदेव तोवर अर्धा उठला होता.

नाना वीज खात्यात लाइनमन होते. तीसेक वर्षं खांबावर गेली. तळहात लावला तर करंट माणसाला धरून ठेवतो, उलटा हात झटकला जातो, हे त्यांचं शास्त्र. "बंद दिसतंय म्हंजे बंद हाय असं न्हाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की वर्गात एकदा माझ्याच तोंडून निघून गेलं.

दुसरं वेड परमिटचं. लाइनवर चढणारा आधी सबस्टेशनकडून परमिट घेतो, म्हणजे पुरवठा बंद. ज्याने घेतलं त्यानेच खाली येऊन ते परत द्यायचं, तोवर दुसऱ्या कोणी बटणाला हात लावायचा नाही. नाना हा नियम घरातही पाळतात. आमच्या माळ्यावरचा बल्ब बदलताना त्यांनी माझ्या बायकोकडून परमिट घेतलं, तिला मेन स्विचपाशी उभं केलं आणि काम संपल्यावर माझ्याशी गप्पा मारत ओट्यावर बसले. परमिट परत मिळेना म्हणून ती बिचारी जागची हलली नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं. तेव्हापासून बल्ब मीच बदलतो.

पूर्वी त्यांच्याकडे फोन नव्हता, आमच्याकडे होता. वादळात लाइन तुटली की नाना जात आणि काम झाल्यावर कुठून तरी आमच्याकडे फोन करत. एकच शब्द, "उतरलो." तो मी पलीकडे त्यांच्या बायकोला, सरूकाकूंना, पोचवायचा. तोवर त्या चहा घेत नसत. कप समोर तसाच, वर साय धरलेली. पुढे त्यांच्याकडे मोबाईल आला आणि माझं हे काम गेलं. मला थोडं वाईटच वाटलं.

यंदा सरूकाकूंचा गुडघा बदलला, नगरला. ऑपरेशन झकास झालं, पण घरी श्रीरामपुरात आल्यावर गुडघा वाकवायची वेळ आली की काकू पदर तोंडात धरत. दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात आग पडायची, म्हणून डॉक्टरांनी त्या कमी केल्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी हलक्या करंटने दुखणं दबवणारं एक यंत्र दिलं. साबणाच्या वडीएवढं, त्याला वायरी, वायरींना चिकटपट्ट्या. टाक्यांपासून लांब, पेनाने खुणा केल्या तिथेच पट्ट्या लावायच्या, आकडा हळूहळू चढवायचा, मुंग्या चांगल्या जाणवल्या की थांबायचं आणि तेवढ्यात गुडघा वाकवून घ्यायचा. नानांनी विचारलं, अर्थिंग कुठाय? मॅडम म्हणाल्या, आजोबा, हे सेलवर चालतं. नानांनी तरीही यंत्राला उलटा हात लावला.

येत्या सोमवारपर्यंत गुडघा काटकोनात आला नाही तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल, असं मॅडम बजावून गेल्या होत्या. काकूंना काही झालं तरी परत त्या टेबलावर जायचं नव्हतं. मी गणिताचा मास्तर, म्हणून शाळेतला फळ्यावरचा लाकडी गुण्या घेऊन रोज मोजायला जायचो. गुण्या आणि पोटरीत रोज फट राहायची, कारण नाना आकडा दोनच्या वर जाऊच देत नव्हते. काकू म्हणायच्या, मुंग्यासुद्धा येत नाहीत. नाना म्हणायचे, आज दोन, उद्या बघू. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर उभा जन्म काढलेला माणूस सेलच्या डबीला घाबरतो, याचा मला राग यायला लागला होता.

रविवारी दुपारी बायकोने दिलेली चहाची किटली आणि गुण्या घेऊन जरा लवकर गेलो. काकू आत पडल्या होत्या. नाना बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसलेले, पायजमा मांडीपर्यंत वर, पट्ट्या स्वतःच्या गुडघ्याला आणि आकडा आठवर. मांडी थडथड उडत होती. दुसऱ्या गुडघ्यावर आदल्या दिवसाचे लाल चौकोन दिसत होते.

"रोज आधी माझ्यावर बघतो," ते म्हणाले. "आठला बी काय हुत न्हाई."

मग काकूंना दोनच का, असं मी विचारलं. नाना आकडा उतरवून पट्ट्या सोडवायला लागले.

"खांबावर मी हुतो, सर. हितं ती हाय. माझ्या हातानं तिला झटका बसला तर?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. आपण रोज गुण्या घेऊन तोरा मिरवत येत होतो, याची लाज वाटली.

काकूंनी आतून ऐकलं असावं. त्यांनी आम्हाला हाक मारली, पलंगाच्या कडेला बसून पट्ट्या लावून घेतल्या आणि यंत्र नानांच्या हातातून काढून आपल्या मांडीवर ठेवलं.

"आज परमिट माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "मी परत देईस्तोवर तुमी हात लावायचा न्हाई. आज तुमी खाली उभं ऱ्हा."

नियमच निघाल्यावर नानांचं काही चालेना. मी त्यांच्यासाठी कपात चहा ओतून स्टुलावर ठेवला, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. तीन, चार, पाच. सहावर काकूंनी श्वास सोडला. "दुखतंय, पर लांब दुखतंय," म्हणाल्या आणि पाऊल मागे ओढायला लागल्या. घामाघूम झाल्या. मी गुण्या लावला, फट होती. पुन्हा लावला, तरी होती. पाचव्या खेपेला मांडी आणि पोटरी दोन्ही लाकडाला टेकल्या. मी वाकून दोनदा खात्री केली.

नाना पलंगाची लोखंडी दांडी धरून उभे होते. सरळ तळहाताने, घट्ट.

काकूंनी यंत्र बंद केलं, पट्ट्या सोडवल्या आणि पाय सावकाश गादीवर घेतला. मग त्यांनी स्टुलावरच्या कपाकडे पाहिलं. त्याच्यावर साय धरली होती. त्या नानांना म्हणाल्या, "उतरले."

नानांनी बोटाने साय बाजूला केली आणि तो गार चहा एका दमात पिऊन टाकला.