सुपडूभाऊंचा घरातला परदेश

१२ एप्रिल १९८७. सकाळी मी गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होते, तेवढ्यात शेजारच्या इंदूची हाक आली, "अक्का, विंचू!" खाली गेले तर इंदू लेकीला कडेवर घेऊन स्टुलावर चढलेली, विंचू मोरीपाशी, आणि तिचा नवरा सुपडूभाऊ, चांगला धिप्पाड गडी, खाटेवर बसून चहा पीत होते.

"अहो, बघताय काय? मारा की," मी म्हटलं.

"मी अठे नही शे, अक्का," ते शांतपणे म्हणाले. "मी तठे शे."

तठे म्हणजे तिकडे, आखातात. विंचू मी मारला.

सुपडूभाऊ तेलगिरणीत फिटर होते. एका एजंटामार्फत आखातातल्या कंपनीचा करार आला, मग डॉक्टरी तपासणी झाली, मग व्हिसा आला. व्हिसा त्या एकाच कंपनीपुरता. नोकरी सोडली की व्हिसाही गेला, आणि दोन वर्षं घरी येणं नाही. हे त्यांनी गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा सांगितलं असेल. विमानाला अजून महिना होता, पण व्हिसा हातात पडला त्याच दिवशी सुपडूभाऊ घरातल्या घरात परदेशी गेले.

कारण इंदू. फैजपूरहून लग्न होऊन आल्यापासून तिने कोपऱ्यावरचं दुकानही एकटीने पाहिलं नव्हतं. भाजी ते आणत, रॉकेलच्या रांगेत ते उभे राहत. ते गेल्यावर तिचं कसं व्हायचं, म्हणून ही आधीपासून सवय म्हणे. आता फ्यूज उडाला तरी अंधारातून आवाज यायचा, मी तठे शे. जामनेरहून त्यांचे मामा आले, तर इंदूने शिकवल्याप्रमाणे सांगितलं, ते परदेशी गेलेत. मामांनी खाटेकडे पाहिलं. सुपडूभाऊ उठले, मामांच्या पाया पडले आणि पुन्हा परदेशी जाऊन बसले. याला एकदा कुणाला तरी दाखवा, असं मामा मला जाताना म्हणाले.

जेवायला मात्र ते वेळेवर पाटावर हजर. तिकडून एवढ्या लवकर कसे आलात, असं मी एकदा विचारलं, तर भाकरी मोडत म्हणाले, "हाई कंपनीनी मेस शे."

नवऱ्याने आळस करावा आणि त्याला करार म्हणावं, असंच मला वाटायचं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी बाजारातून येत होते. दवाखान्यासमोरच्या निंबाआड सुपडूभाऊ उभे. ऊन असं की रस्त्यावर पाय ठेववत नव्हता, आणि हे अनवाणी. लेकीला ताप चढला होता. इंदूने खाटेकडे पाहिलं, यांनी नेहमीचं उत्तर दिलं, तशी तिने पोरीला उचललं आणि टांगा केला. हे तसेच टांग्यामागे धावत आले होते.

"तिले सांगू नका, अक्का, मी अठे शे म्हनीसन."

इंदू बाहेर आली. एका हातात औषधाची बाटली, खांद्यावर झोपलेली पोर. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने टांगेवाल्याशी घासाघीस केली, ऐकेना म्हणून त्याला सोडून दुसरा केला आणि गेली.

सुपडूभाऊ तिकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता छाती फुगेल.

"करी लिधं तिनी," ते म्हणाले. मग भाजलेला एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत, "आते तिले मनी गरज नही."

ऊन लागेल, घरी चला, एवढंच मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेलेले बघून मी इंदूकडे गेले. निंबाआडचं सगळं, तिला आता माझी गरज नाही म्हणाले तेही, सांगून टाकलं. म्हटलं, विमान सुटेपर्यंत रोज एखादं काम तुला जमत नाही असं म्हण. काही नाही तर लोणच्याची बरणी ने त्यांच्यापुढे, झाकण निघत नाही म्हणावं.

इंदू डोळे पुसत विचारात पडली. आमच्या बरण्यांची झाकणं तर सगळी ढिली आहेत, म्हणाली.

मी घरी गेले, माझी बरणी घेतली, झाकण होतं तेवढ्या जोराने आवळलं आणि तिला नेऊन दिली.