दोन हात, दोन दिवस

तारखा प्रथम, कारण तारखांवाचून केलेली तक्रार म्हणजे नुसती कुरकुर. पोळ्यानंतरच्या सोमवारी माझ्या पत्नीच्या डाव्या हाताची तपासणी झाली. त्याच आठवड्यात बुधवारी उजव्या हाताची झाली. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी विमा कंपनीने दावा फेटाळला. घटस्थापनेला रुग्णालयाने सुपडूभाऊंना घरी बसवले. जबाबदार व्यक्ती तीन. एक, कंपनीचा तपासनीस, ज्याचे नाव मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही. दोन, रुग्णालयाचे व्यवस्थापक, ज्यांचे नाव मला ठाऊक आहे, पण अब्रुनुकसानीचा कायदाही ठाऊक असल्यामुळे लिहीत नाही. आणि तीन, स्वतः सुपडूभाऊ, ज्यांनी आपल्या बचावाचे एक अक्षर लिहून दिले नाही. पहिल्या दोघांना मी दिवाळीनंतर एवढी पत्रे लिहिली आहेत की टपाल खात्याने माझा सत्कार करावा. तिसऱ्याविषयी आज लिहितो.

सुपडूभाऊ मूळचे नशिराबादचे. मेहरूणला आमच्या गल्लीत एका खोलीत एकटेच राहतात. जळगावच्या एका खासगी रुग्णालयात विम्याच्या खिडकीमागे बसून बिलांना कोड लावणे, हे त्यांचे काम. डॉक्टर तपासणी करतात, सुपडूभाऊ तिला ठरलेल्या यादीतला आकडा लावतात, आणि कंपनी रुग्णाचे तोंड न पाहता त्या आकड्यावरून निकाल देते. रुग्णालयात डायलिसिसचे रुग्ण पुष्कळ. डायलिसिसची सुई टोचण्याजोगी रक्तवाहिनी हातात तयार करावी लागते आणि त्याआधी दोन्ही हातांतल्या धमन्या आणि शिरा यंत्रावर पाहाव्या लागतात. त्यामुळे भाऊंच्या पुढ्यात माणसे क्वचितच येतात. येतात ते हात.

याचा व्हायचा तो परिणाम झाला आहे. हाताचा उल्लेख कोठेही झाला की भाऊंचा प्रश्न ठरलेला: "डावा का जेवना?" जेवना म्हणजे ज्याने आपण जेवतो तो. एकदा शेतात भरिताच्या पार्टीत आमच्या एका स्नेह्याचा हात काट्यांच्या जाळावर भाजला. तो ठणाणा करीत असताना भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन धावले आणि पाणी ओतण्यापूर्वी थांबून म्हणाले, "डावा का जेवना?" स्नेह्याने जे उत्तर दिले ते कोणत्याही यादीत नाही.

मी वर्तमानपत्रात 'पाणीप्रश्नावर प्रशासनाने हात वर केले' असे पत्र लिहिले, तेव्हा सकाळीच दारात उभे. "आबा, दोन्ही वर केले का एक?"

"भाऊ, तो वाक्प्रचार आहे."

"असू द्या. दोन्ही हात एकाच कामात आले तं कोड एकच शे. दोन लावले तं ती चोरी शे."

हा त्यांचा धर्म. दोन हातांची एक तपासणी फोडून दोन बिले करणारा इसम त्यांच्या लेखी पाकीटमाराच्या बरोबरीचा. धुळ्याच्या न्यायालयात शिरस्तेदार म्हणून हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला असा शेजारी म्हणजे सुखच होते.

आता पोळ्यानंतरचा सोमवार. पत्नीची मूत्रपिंडे थकली आहेत. तपासणीच्या खोलीत तिला दोन्ही हातांतल्या बांगड्या काढायला सांगितले. बांगड्या काचेच्या, वर्षानुवर्षांच्या, मनगटात रुतलेल्या. साबण लावूनही निघेनात. वाढवाव्याच लागणार होत्या.

"एका हातातल्या वाढवा," ती म्हणाली. "दोन्ही हात एकदम मोकळे करणार नाही. नवरा जिवंत आहे माझा. ऐका, बाहेर ओरडतोय."

मी त्या वेळी रांगेच्या नियमाविषयी बोलत होतो. आत जाऊन तिला म्हणालो, "लीला, वैद्यकीय कारणासाठी शास्त्रातसुद्धा..."

"तुमचं शास्त्र तुमच्या हातात घाला. माझ्या हातात बांगड्याच बऱ्या."

अखेर सुपडूभाऊंना बोलावले. हा कर्मठ माणूस तरी तिला नियम ऐकवील, अशी माझी आशा होती. भाऊंनी तिच्या मनगटांकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "अक्का, पहिले कोनता? डावा का जेवना?"

"डावा."

"मंग आज डावा. घरी जाताना कासाराकडे भरून घ्या. परवा जेवना."

डॉक्टर वैतागले, पण कबूल झाले. दोन दिवस, दोन हात, दोन बिले, दोन कोड. ज्याला ते चोरी म्हणत आले, तेच भाऊंनी स्वतःच्या हाताने केले.

कंपनीने नेमका तोच ठपका ठेवला: जादा रकमेसाठी एक तपासणी फोडली. रक्कम मी भरून टाकली आहे. वाद रकमेचा नाही. व्यवस्थापकांनी भाऊंकडे कारण मागितले. संगणकावर कारणांची यादी होती: यंत्रात बिघाड, रुग्णाची प्रकृती, डॉक्टरांचा सल्ला, रुग्णाचा असहकार. भाऊंनी रकाना कोरा ठेवला.

मी कडाडलो, "लिहा ना खरे कारण!"

"बांगडीले कोड नही शे, आबा."

"मग जवळचे लावा."

"जवळचं म्हनजे असहकार. ते एकदा अक्काच्या नावावर बसलं की निघत नही. पुढं ऑपरेशनची मंजुरी शे. त्यो तपासनीस म्हनेल, बाई ऐकत नही, ऑपरेशन कसाले?"

"डॉक्टरांचा सल्ला म्हणा."

"डॉक्टरनं दिला नव्हता."

"मी साक्ष देतो!"

"तुमी साक्ष दिली तरी नाव अक्काचंच लिहितील." मग हात जोडून म्हणाले, "ऑपरेशन होऊ द्या. तोवर एक पत्र लिहू नका."

तो शब्द मी दिला आणि पाळला. सबंध नवरात्र, दसरा, दिवाळी मी कोणालाही कारण लिहून कळवले नाही. माझ्या प्रकृतीवर त्याचा जो परिणाम झाला, त्याला कोणती तपासणी लागू पडते ते मला ठाऊक नाही. मंजुरी आली. डाव्या मनगटाशी धमनी आणि शीर जोडली गेली. तो हात आता मोकळाच ठेवायचा आहे. उजवा भरलेला आहे; तिची अट तेवढीच होती.

टाके निघाल्यावर भाऊ भेटायला आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर अवघडून बसले. जोडलेल्या जागी कातडीखाली रक्त सतत थरथरत वाहते. पत्नीने हात पुढे केला. "भाऊ, लावून बघा बोट."

भाऊंनी विजारीला हात पुसला आणि दोन बोटे अलगद टेकवली.

"आबा," ते म्हणाले, "इतके हात गेले माझ्यापुढून. एकाले बी कधी हात लावला नव्हता."

पत्नीने आपला हात मागे घेतला नाही. म्हणाली, "रोज सकाळी बघायला सांगितलंय डॉक्टरांनी, थरथर आहे की थांबली. यांना काही कळत नाही. तुम्ही येत जा."

तेव्हापासून ते रोज येतात. अंघोळ करून, कचेरीत जायचा तोच इस्त्रीचा सदरा घालून. बोटे टेकवतात, "चालू शे" म्हणतात, चहा घेतात. मग उठतात, आणि रुग्णालयाच्या वाटेला न लागता पुन्हा आपल्या खोलीकडे वळतात. मी खिडकीतून पाहतो. मी दमलो आहे, हे नमूद करतो.

पण मागणी सोडलेली नाही. माझी पत्नी असहकार करते, हे मला मान्य आहे. तो असहकार माझ्याशी आहे, कंपनीशी नाही. तपासनीसाने स्वतःच्या नावानिशी, वर्तमानपत्राच्या याच पानावर, सर्वांना वाचता येईल असे उत्तर द्यावे: सुपडूभाऊंनी त्या रकान्यात काय लिहायला हवे होते? आणि त्याला उत्तर सुचत नसेल, तर व्यवस्थापकांनी जाहीर करावे की हा माणूस कामावर परत कधी येणार?