बाहीतली माया

खरेदी कशी करावी हे मला कोणी शिकवू नये! आमच्या कारखान्याच्या खरेदी खात्यात मी उपप्रमुख आहे. खिळ्यापासून बॉयलरपर्यंत काहीही सांगा, दोन फोनांत दारात हजर करतो. जगात एकच वस्तू मला आजवर धड विकत घेता आलेली नाही. माझ्या मापाचा शर्ट!

ऑफिसात मला सगळे 'शिडी' म्हणतात, त्यावरून उंचीची कल्पना आली असेल. पण उंचीचं एक वेळ निभावतं हो, हातांचं काय करायचं? माझे हात घडवताना देव कोणाशी तरी गप्पा मारत बसला असावा, थांबायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. अंगाला बसेल असा शर्ट घ्यावा तर कफ कोपराच्या वाटेला लागतात. मोठा घ्यावा तर गळ्यात माझ्यासोबत आणखी एक माणूस मावतो, आणि कफ तरीही मनगटाच्या अलीकडेच! मग दुकानदार म्हणतो, "साहेब, बाह्या दुमडून घाला ना, स्मार्ट दिसतं." आयुष्यभर दुमडूनच घालतोय.

या वेळी मात्र दुमडून चालणार नव्हतं. खात्याच्या प्रमुखपदासाठी माझी मुलाखत होती. आधीच्या प्रमुखांनी पुरवठादारांकडून दोन्ही हातांनी खाल्लं, आणि त्यांना घरी बसावं लागलं. त्यामुळे मुलाखत घ्यायला खुद्द थोरल्या बाई, म्हणजे कारखान्याच्या मालकीणबाई, येणार होत्या. शेजारी हिशेबतपासनीस. या गृहस्थांना आम्ही 'गाळणी' म्हणतो. कोणी चहा पुढे केला तरी ते आधी विचारतात, का केला? ही संधी हुकली की बाहेरचा कोणीतरी डोक्यावर येऊन बसणार आणि मी निवृत्त होईपर्यंत 'उप'च राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"अहो, या वेळी शिवूनच घ्या," बायको म्हणाली.

कोपऱ्यावरचा शिंपी एका कानाने कमी ऐकतो आणि त्याची भरपाई आवाजाने करतो. त्याने माझा हात मोजला, टेपकडे पाहिलं, पुन्हा मोजला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"एवढा हात नसतो हो माणसाचा! टेप ताणली गेली असणार."

"टेप नाही हो, हातच ताणलेला आहे!"

"ते बघू. नेहमीच्या मापाने कापतो, आत चार बोटं माया ठेवतो. बाही आखूड झालीच तर शिवण उसवून जास्तीचं कापड सोडायचं. काय घाबरता?"

शर्ट हातात पडला तो मुलाखतीच्या सकाळी. गळा फक्कड! छाती फक्कड! मी ऐटीत हात पुढे केले आणि दोन्ही कफ सरसर मागे पळाले.

"माया सोड! आधी माया सोड!" मी ओरडलो.

"आता? निघायची वेळ झाली!" बायकोने मला दाराकडे ढकललं. "मी शिंप्याला फोन करते. तोवर तुम्ही हात पसरूच नका. कोपरं अंगाला चिकटवून बसा."

"वरून कोट घालू?"

"कोटाची बाही शर्टाहून आखूड आहे!"

तसाच गेलो. थोरल्या बाईंसमोर कोपरं बरगड्यांत रुतवून बसलो. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, मी घसा कोरडा असूनही नको म्हणालो.

"हात असे आखडून का बसलात?" गाळणीने विचारलं.

"खरेदी खात्यात हात आखडताच बरा, साहेब!"

बाई चक्क हसल्या. गाळणीचाही ओठ जरासा हलला. मला वाटलं, जिंकलो! आणि तेवढ्यात टेबलावर ठेवलेला माझा फोन वाजला.

फोन माझ्या हाताच्या अंतरावर होता. तसं म्हटलं तर माझ्या हाताच्या अंतरावर पलीकडची भिंतही होती! पण हात लांब केला की कफ पळणार. मी घुटमळलो. माझं घुटमळणं गाळणीने पाहिलं, शांतपणे फोन उचलला आणि स्पीकर चालू केला.

"साहेब!" शिंपी गरजला. "घाबरू नका! माया भरपूर आहे आत! दोन्ही हातांत सारखी लपवलीये, वरून कोणाला शंकासुद्धा येणार नाही!"

गाळणीचं पेन थांबलं.

"ठेवा फोन!" मी किंचाळलो.

"काय? ठेवलीये म्हणून तर सांगतोय! वहिनी म्हणाल्या, आज मोठ्या लोकांसमोर जायचंय, उघडं पडायला नको. अहो, तुमच्या आधीच्या साहेबांनाही मीच ठेवून द्यायचो! पण त्यांना पुरायचीच नाही. पोट वाढतच गेलं, सगळी माया संपवली आणि पुन्हा मागायला आले!"

"आधीच्या साहेबांनाही," गाळणी पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्याचं सार्थक झाल्याचं तेज होतं.

"तो शिंपी आहे!" माझा आवाज चिरकला. "माया म्हणजे कापड! आत दुमडलेलं कापड! माझे हात लांब आहेत हो!"

"ते कळलंच," गाळणी म्हणाले. "कापड आहे ना? दाखवा."

त्यांनी पाकिटं फोडायची सुरी पुढे केली. मी उजव्या कफाची शिवण टराटरा उसवली. आत काहीच नाही! डावा कफ उसवला. तिथेही काहीच नाही! दोन्ही कफ नुसतेच लोंबायला लागले. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की बाई माणसाला काढतात, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

गाळणी फोनकडे झुकले. "माया कुठे आहे?"

"तुम्ही कोण? साहेबांच्या बरोबरचे का? तुमचाही हात लांब आहे का? या की, तुम्हालाही ठेवून देतो!"

गाळणी उडालेच! त्यांना कधी कोणी असं सरळ विचारलं नव्हतं.

"मी विचारतोय, माया कुठे आहे?"

"खाली काही नाही हो! सगळी वर ठेवलीये, वर!"

गाळणीने सवयीने वर, म्हणजे थोरल्या बाईंकडे पाहिलं, आणि चटकन मान खाली घातली. बाईंचा चेहरा लालबुंद झाला. माझी नोकरी मला दारातून बाहेर जाताना दिसली.

"वर म्हणजे कुठे?" बाईंनी स्वतः विचारलं.

"अहो, खांद्याला! बाही जिथे जोडतात तिथे!"

मी मागचापुढचा विचार केला नाही. सुरी खांद्याच्या शिवणीत घातली आणि ओढली. शिंपी माप घेण्यात कच्चा असेल, पण दोरा कुठे उसवला की सगळं सुटेल हे त्याने पक्कं करून ठेवलं होतं. सबंध बाही माझ्या हातावरून सरकून टेबलावर पडली! तिच्या वरच्या टोकाला दुमडलेलं कापड होतं. चार बोटं, चोख!

मी एका हाताने उघडा, दुसऱ्या हाताला लोंबता कफ, असा उभा राहिलो. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. गाळणीने बाही उजेडाकडे धरली, दुमड उलगडून पाहिली, आणि फार निराश होऊन खाली ठेवली.

"कापडच आहे," ते म्हणाले. "पण बाई, ज्यांना स्वतःपुरता एक शर्ट धड घेता येत नाही, ते कारखान्याची खरेदी काय करणार?"

मी टेबलावरची बाही उचलून पुन्हा खांद्याला लावून पाहिली.

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आधीच्या साहेबांचे शर्ट आठवतात?" त्या म्हणाल्या. "फार सुरेख बसायचे. पद यांना द्या."

तर असा मी प्रमुख झालो! पहिलीच खरेदी आली ती सगळ्या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या शर्टांची. मी म्हटलं, जे माझ्या वाट्याला आलं ते दुसऱ्या कोणाच्या येऊ नये. पुरवठादाराला ठणकावून सांगितलं, प्रत्येकाची बाही मापापेक्षा चार बोटं लांब पाहिजे! लोक कुरकुरले, बोटं बाहीत बुडाली म्हणाले. मग शर्ट पहिल्यांदा धुतले आणि कापड आटलं. बरोब्बर चार बोटं! सगळ्यांना शर्ट असा नेमका बसला म्हणून सांगू, गाळणीसुद्धा मला येऊन म्हणाले, "वा, काय अंदाज आहे तुमचा!"

माझ्या हाताचं माप मात्र पुरवठादाराला लिहिण्यातली चूक वाटलं, त्याने माझी बाही इतरांएवढीच कापली. मी सध्या दोन्ही हात पाठीमागे बांधून कारखान्यात हिंडतो. दुसरा इलाजच नाही! आणि लोक आपसांत कुजबुजतात, "पाहिलंत का शिडीला? खुर्ची मिळाली नाही तोच केवढी साहेबी चढली!"