भाऊजींकडे ठेवलेला निरोप

"भाऊजी, तुमच्या भावाला सांगा, चहा झालाय."

"भाऊ, तुझ्या वहिनीला सांग, मला नकोय."

भाऊजी काही बोलले नाहीत. बोलणार कुठून? भाऊजी म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला बसवलेलं एक यंत्र होतं. एक लाकडी पातं, दोन दोऱ्या, चार कप्प्या. पात्याला वाऱ्याचा रोख कळायचा, आणि तसं ते दोऱ्या ओढून सुकाणू वळवायचं. झोपत नाही, खात नाही, कुरकुरत नाही, म्हणून टेलरबाईंनीच त्याला भाऊजी म्हणायला सुरुवात केली होती. "माहेर-सासर मिळून इतका शहाणा नातेवाईक मला दुसरा मिळाला नाही," असं त्या बंदरावर भेटेल त्याला सांगत.

आज अबोल्याचा चौथा दिवस होता. जमिनीवर अबोला धरणं सोपं असतं. एकाने बाहेर बसावं, दुसऱ्याने स्वयंपाकघरात भांडी आपटावीत. इथे बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि झोपायची जागा मिळून अर्ध्या बसएवढी, आणि त्याच्या चारी बाजूंना समुद्र. रुसून तोंड फिरवलं तर नाक कपाटाला आपटायचं.

टेलरबाईंनी नऊ वर्षांपूर्वी शिवणाचं दुकान बंद केलं, त्यांच्या यजमानांनी लिफ्ट दुरुस्तीची नोकरी सोडली, आणि दोघांनी ही शिडाची बोट घेतली. तेव्हापासून घर म्हणजे हीच. शिडं फाटली की त्या शिवायच्या, बाकी जे काही बिघडेल ते लिफ्टवाले बघायचे, आणि बिघडायचं रोजच. आता लिफ्टवाल्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता आणि टेलरबाईंना सुईत दोरा ओवायला अख्खी सकाळ लागत होती. या खेपेला बंदर सोडलं त्याच सकाळी त्या म्हणाल्या होत्या, "ही शेवटची फेरी हं. लेकीने खोली रिकामी करून ठेवलीय. बोट विकून टाकू."

"मग मलाही विक."

"तुम्हाला कोण घेणार?"

त्या हसल्या. लिफ्टवाले हसले नाहीत. आणि झालं!

जो आधी बोलेल तो हरला, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण दोघांना पक्कं ठाऊक होतं. लिफ्टवाले आधी बोलले तर बोट विकायची. टेलरबाई आधी बोलल्या तर मरेपर्यंत इथेच.

नको असलेला चहा कपाटाच्या कडेला ठेवून टेलरबाई खाली उतरल्या, आणि त्यांचा पाय घोटाभर पाण्यात गेला. जमिनीच्या फळ्या तरंगत होत्या. एक कांदा गोल गोल फिरत होता. लिफ्टवाल्यांची डावी चप्पल ऐटीत त्यांच्यासमोरून निघून गेली.

"भाऊजी!" त्या खालूनच किंचाळल्या. "तुमच्या भावाला सांगा, आपण बुडतोय!"

वर लिफ्टवाल्यांना ही आपल्याला बोलतं करायची युक्ती वाटली. मग त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांना आपली चप्पल दिसली.

"भाऊ, तिला सांग, बादली घे! आणि भोक शोध म्हणावं!"

विजेवरचा पंप गुरगुरला, त्यातून निळसर धूर आला आणि तो कायमचा गप्प झाला. लिफ्टवाल्यांनी सुकाणूजवळच्या हातपंपाचा दांडा धरला. खडक्, फस्स. खडक्, फस्स. खालचं पाणी नळीतून समुद्रात पडू लागलं. खाली टेलरबाई गुडघ्यांवर रांगत एकेक जागा चाचपत होत्या. बेसिनची नळी ठीक. संडासाची ठीक. इंजिनाचीही ठीक. भोक सापडेना. याचा अर्थ तळच कुठेतरी उकलला होता, आणि तळ उकललेली बोट हातपंपाने वाचत नाही. त्यांनी कागदपत्रं, दोघांचे चष्मे आणि लेकीचा एक फोटो पिशवीत कोंबले. बोटच गेली तर विकायचं काय आणि ठेवायचं काय, असं एकदा मनात येऊन गेलं.

बोटीत पाणी आलं की आधी चाखून बघायचं, हे बोटीवरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण यंत्रातलं कळणाऱ्याने ते बघितलं असणारच, असं टेलरबाई धरून चालल्या. आणि खाली पाण्यात बसलेल्या बाईने चाखलं असणारच, असं लिफ्टवाल्यांनी धरलं. विचारायला तोंड उघडावं लागलं असतं.

तासभर हे चाललं. लिफ्टवाल्यांचा चेहरा ओल्या सिमेंटसारखा झाला होता. टेलरबाई कोपऱ्यातलं उरलंसुरलं पाणी बादलीत ओढत होत्या, तेवढ्यात बोट हलली आणि एक चूळभर पाणी थेट त्यांच्या तोंडात गेलं. त्या थुंकणार होत्या. थांबल्या. डिझेल होतं, गंज होता, कांद्याची साल होती. मीठ नव्हतं.

समुद्राचं नव्हतंच ते! त्यांच्याच दोनशे लिटरच्या टाकीतलं गोडं पाणी होतं. टाकीची नळी निसटली होती, आणि गेला तासभर लिफ्टवाले जीव खाऊन, घाम गाळून, दोघांचं पिण्याचं पाणी समुद्राला पाजत होते.

"थांबा" हा शब्द त्यांच्या जिभेवर आला आणि तिथेच बसला. एकच शब्द. पण तो उच्चारला की बोट राहिली, आणि त्यांचं उरलेलं आयुष्य या अर्ध्या बसमध्ये. वर खडक्, फस्स. दोन पेले गेले. खडक्, फस्स. आणखी दोन.

"भाऊजी, त्यांना थांबायला सांगा हो!"

"भाऊ, तिला सांग, थांबलो तर मेलो!"

निरोपानिरोपीत अख्खी टाकी रिकामी झाली असती. टेलरबाईंनी एक रिकामा कप उचलला, बादलीत बुडवला, वर गेल्या, नवऱ्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि ते काळपट पाणी घटाघटा प्यायल्या.

"अगं! अगं ए!" लिफ्टवाल्यांनी दांडा सोडून त्यांचं मनगट धरलं. "काय पितेस हे? जिवावर उठलीस का स्वतःच्या? विकू गं बोट! पोचलो की लगेच विकू! टाक तो कप!"

टेलरबाई खोकल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आधी बोललात."

"बोललो! हरलो! टाक आधी!"

"आणि हे आपलंच पाणी आहे. टाकीतलं."

लिफ्टवाले मटकन खाली बसले. किनारा तीन दिवसांवर होता. मदतीसाठी रेडिओ लावून पाहिला, तर नुसती खरखर.

टेलरबाईंना आता खरा जोर चढला. त्या कामांची वही घेऊन आल्या. बंदर सोडायच्या आधी एकेचाळीस कामांची यादी केली होती. "बघा, सतरावं काम. टाकीची नळी, नवीन क्लिप. मी ओरडून ओरडून सांगितलं होतं! आणि तुम्ही खुशाल बरोबरची खूण..."

त्या थांबल्या. लिफ्टवाल्यांच्या खुणा वाकड्यातिकड्या, हूक लटकवल्यासारख्या असत. सतराव्या कामापुढची खूण बारीक, नीटस, हातशिलाईच्या टाक्यासारखी होती. त्यांचा हात आपोआप शिवणाच्या अ‍ॅप्रनच्या खिशात गेला, आणि नवी कोरी पत्र्याची क्लिप घेऊन बाहेर आला. लेकीचा फोन आला होता त्या वेळी, खोलीबद्दल. खूण आधी केली होती. क्लिप राहिली होती.

लिफ्टवाल्यांनी क्लिपकडे पाहिलं, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "जाऊ दे. चूक माझी पण आहे. टाकीखाली टपटप वाजतंय, हे मला परवाच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. भाऊला."

"मी कुठे होते?"

"झोपली होतीस."

दोघांनी मागे वळून पाहिलं. भाऊजी शांतपणे वाऱ्याचा रोख बघत होते.

मग मोजदाद झाली. टाकी कोरडी, बादलीतलं डिझेलचं. किटलीत दीड लिटर. मघाचा नको असलेला चहा, जो आता अगदी हवा होता. वाटाण्यांचे दोन डबे, त्यातलं पाणी. आणि लिफ्टवाल्यांचा गुडघा शेकायची रबरी पिशवी, दोन लिटर, वास सायकलच्या ट्यूबचा. सकाळी तीन घोट, दुपारी तीन, संध्याकाळी तीन.

चार दिवस बोलायला तोंडभर ओल होती तेव्हा कोणी बोललं नाही. आता एकमेकांना सांगायला नऊ वर्षांचं साठलं होतं, आणि बोललं की घसा चिरत होता. दुसऱ्या दिवशी ओठ फुटले. लिफ्टवाल्यांना घाम यायचा थांबला, आणि ते चांगलं लक्षण नसतं हे दोघांनाही माहीत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते शिडाच्या सावलीत इतके निपचित पडले होते की टेलरबाईंनी त्यांच्या नाकाखाली बोट धरलं.

"आहे," लिफ्टवाले डोळे न उघडता म्हणाले.

टेलरबाईंना रडायला आलं, पण त्यांनी ते आवरलं. तेवढं पाणी परवडणारं नव्हतं.

ऊन उतरता उतरता बंदर आलं. धक्क्यावर बोटी धुवायचा पाइप पडला होता. दोघांनी आळीपाळीने तो तोंडाला लावला, डोक्यावर धरला, पुन्हा तोंडाला लावला. बऱ्याच वेळाने लिफ्टवाल्यांनी तोंड पुसलं आणि बोटीकडे न बघता म्हणाले, "लाव फोन लेकीला. बोललो ते बोललो."

जिंकलेल्या टेलरबाईंनी फोन लावला. जिंकल्यासारखं मात्र काही वाटेना.

"आई! आठवडा झाला! ठीक आहात ना दोघं?"

"ठीक आहोत. येतोय तुझ्याकडे. पण दोघं नाही, तिघं."

"तिसरं कोण?"

टेलरबाईंनी मागे पाहिलं. लिफ्टवाले न वाकणारा गुडघा कसाबसा वाकवून, पाना घेऊन भाऊजींचे बोल्ट सोडवत होते. एकेक बोल्ट निघाला की पुसून खिशात ठेवत होते.

"तुझे काका."

"काका? मला कुठले काका? बाबा तर एकुलते एक आहेत!"

"आहेत गं. दारामागे कोपऱ्यात उभे राहतील. खात नाहीत, झोपत नाहीत, कुरकुरत नाहीत," टेलरबाई म्हणाल्या. "फक्त त्यांच्याकडे कधी निरोप ठेवू नकोस."