न मोडलेली घडी

सासऱ्यांनी शेजारी वाचायला दिलेला पेपर पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे, हे डॉ. लीलावतींना अभ्यासिकेतली रिकामी पेटी पाहून उमगलं.

"बाबा, तुम्ही तो दिलात?"

"अगं, तुझा वाचून झाला होता ना?" दीनानाथ शांतपणे म्हणाले. "डोंबिवलीत आमचा पेपर चार घरं फिरून यायचा. शेजारची नूला म्हणाली, डब्लिनचा दिसतोय, नेऊ का? नाही कसं म्हणायचं?"

संध्याकाळी कॉव्हेंट्रीच्या विद्यापीठात व्याख्यान होतं. आयरिश अस्मिता वृत्तपत्रांनी घडवली, एकेक अंक हातोहात फिरे, चारचौघांत मोठ्याने वाचला जाई, ही लीलावतींच्या मते भाबड्या प्राध्यापकांनी दूधभात भरवून वाढवलेली दंतकथा होती. आज त्या तिचा निकाल लावणार होत्या. पुरावा तोच अंक: घडी न मोडलेला, बोटाचा डाग नसलेला. अर्थात, कुणीही न वाचलेला.

शेजारी नूला हसून म्हणाली, "तो होय? डेक्लनदादाने क्लबात नेला. एकट्याने काय वाचायचं!"

आयरिश क्लबाचं दार लीलावतींनी बर्फासारखा चेहरा करून ढकललं. आत ऐंशीचा डेक्लन मोठ्याने वाचत होता. कुठल्याशा जमीनदाराने कुळांना घराबाहेर काढल्याची बातमी होती.

"हरामखोर!" मागून एक आजीबाई कडाडल्या. जमीनदार मरून दीड शतक लोटलं होतं.

"माझा अंक—"

"श्श! बस की गं," आजीबाईंनी खुर्ची सरकवली.

लीलावती बसल्या. डेक्लन कवितेच्या रकान्यापाशी आला. चौथ्या ओळीवर त्याचा आवाज बसला. कविता मात्र थांबली नाही. उरलेली अख्ख्या क्लबाने म्हटली, कागदाकडे न बघता. आयुष्यभर लीलावतींनी तळटिपा वाचल्या होत्या. तळटिपांना गाताना आज प्रथमच ऐकलं.

अंक परत मिळाला तेव्हा घडी मोडली होती, आणि संपादकीयावर चहाच्या कपाचं गोल वळं उमटलं होतं.

व्याख्यानाला अध्यक्षांनी अंक भिंगातून पाहिला. "आपण तर म्हणाला होतात, हा कुणीच वाचला नाही?"

लीलावतींनी लिहून आणलेलं भाषण पर्समध्ये ठेवलं. "चुकले. वाचकांची नावं सांगू?"

घरी दीनानाथ दारातच उभे. "मिळाला? दे इकडे. समोरच्या रिवकाबाई दोनदा विचारून गेल्या."

लीलावतींनी पेटीकडे पाहिलं, मग अंक त्यांच्या हातात दिला.

"उद्यापर्यंतच हं, बाबा. परवा क्लबात मागचं पान वाचायचंय."