गरम डब्यातलं बिऱ्हाड

"बापू, पाय उचलून टाक. ती मुंग्यांची वाट हाय. त्यांस्नीबी घरला जायाचं असतंय."

कोडोलीच्या अंगणात, दळण संपवून उठता उठता आई हे म्हणाली होती. त्याला साठ वर्षं होऊन गेली. आई गेली, जातं कुणाच्या तरी बागेत शोभेला गेलं, पण तो आवाज बापूसोंच्या कानात घडी घालून ठेवल्यासारखा राहिला होता. तो उलगडला एका गुरुवारी सकाळी, कोल्हापुरातल्या त्यांच्या दिवाणखान्यात, नातवाच्या व्हिडिओ गेमच्या डब्याचं झाकण उघडलं तेव्हा.

हा काळा डबा सम्मेदनं चौदा महिन्यांपूर्वी जर्मनीला जाताना आजोबांच्या हवाली केला होता. फोनवर सम्मेद म्हणजे मोजक्या शब्दांचा माणूस. बरं आहे, जेवलो, थंडी आहे, ठेवतो. पण रविवारी साडेअकराला, तिकडे सकाळचे आठ वाजलेले असताना, आजोबा इथं आणि नातू तिथं बसून पडद्यावरच्या एकाच रस्त्यावर मोटारी पळवायला लागले, की त्याची जीभ सुटायची. हात आणि डोळे गुंतलेले असले की पोराच्या तोंडचं कुलूप निघतं, हे बापूसोंना उमगलं होतं. घरमालकीण कचऱ्यावरून काय बोलली, आमटी का करपली, साहेब कसा न हसता विनोद करतो, सगळं त्या तासाभरात यायचं. शर्यत बापूसो एकदाही जिंकले नव्हते. चौथं वळण आलं, की पुढचं दिसत नाही म्हणून ते ब्रेक मारायचे आणि सम्मेद शेजारून निघून जायचा. चाळीस वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाचा हात तो, त्याला पडद्यावरही आंधळं वळण आंधळंच वाटायचं.

मागच्या रविवारी शर्यतीच्या सहाव्या मिनिटाला डबा गपकन बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा सहाव्या मिनिटाला बंद. यंत्र फार तापलं आहे, एवढं पडद्यावर लिहून यायचं आणि अंधार.

"राहू दे आबा," सम्मेद फोनवर म्हणाला. "नंतर बघू कधीतरी. ठेवतो."

ते 'कधीतरी' बापूसोंना टोचलं. थोरल्या भावाशी त्यांचं दर शनिवारचं बोलणं असंच एका शनिवारी चुकलं होतं. दुसरा शनिवार चुकायला मग काहीच लागलं नाही. येत्या रविवारच्या आत डबा चालू झालाच पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं.

बापूसो काही साधे निवृत्त नव्हते. गंगावेशीत त्यांचं शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. आता ते त्यांचा जुना कारागीर चालवायचा, पण बापूसो रोज दोन ते पाच तिथं जाऊन बसायचे आणि त्याला त्याचंच काम समजावून सांगायचे. मोटार न उघडता तिचं दुखणं सांगायची त्यांची एक पद्धत होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग गेलं असेल तर ते आपण होऊन सांगतं, असं त्यांचं म्हणणं.

सोमवारी त्यांनी पहिल्यांदा डब्यावरचं आवरण काढलं. प्रभावतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मिक्सरला, टीव्हीला विणलं होतं तसंच या डब्यालाही क्रोशाचं गुलाबी आवरण विणलं होतं.

"यंत्राला स्वेटर घातल्यावर ते तापंल न्हाय तर काय करंल?" बापूसो म्हणाले.

"चौदा महिनं घालूनच हाय. तवा कुठं तापलं?" काकू म्हणाल्या.

हा मुद्दा बिनतोड होता. मंगळवारी त्यांनी प्लग बदलला, बुधवारी वायर बदलली, मग माळ्यावरचा जुना स्टॅबिलायझर काढला. त्याच्या घरघरीनं शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, तो परत माळ्यावर गेला. शेवटी त्यांनी डबा चालू करून स्क्रूड्रायव्हर लावला आणि डोळे मिटले.

"काय म्हणतंय?" काकूंनी विचारलं.

"पंखा फिरत न्हाय." बापूसोंच्या कपाळावर आठी चढली. "पण आत कायतरी चाललंय. सळसळ. लांब कुणीतरी सुपात तांदूळ पाखडावं तसं."

"बघू." काकूंनी मूठ कानाला लावली. क्षणभर ऐकलं आणि स्क्रूड्रायव्हर परत देऊन स्वयंपाकघरात गेल्या.

म्हणून गुरुवारी जोतीराम आला. मुरगूडचा पोरगा, शाहूपुरीत मोबाइल आणि असलेच डबे दुरुस्त करायचा. त्यानं चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि मागं सरकला.

"काका, तुमच्या डब्यात भाडेकरू आल्यात."

पंख्याच्या भोवती, सगळ्यात उबदार कोपऱ्यात, मुंग्यांचं गावच्या गाव वसलं होतं. बारीक, काळ्या, लगबगीच्या. मधोमध तांदळाच्या कणीएवढी पांढरी अंडी नीट रचलेली. काही मुंग्या ती उचलून इकडून तिकडे नेत होत्या, बाळंतिणीची खोली बदलावी तशा.

जोतीरामनं पिशवीतून ब्लोअर काढला. "एक फुंकर मारली की पाच मिंटात मैदान साफ."

त्याच क्षणी बापूसोंच्या कानात कोडोलीचं अंगण बोललं. त्यांनी जोतीरामचं मनगट धरलं. "वारा घालायचा न्हाय. लेकुरवाळ्या हायत त्या."

"मग औषध मारू?"

बापूसोंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ब्लोअरसुद्धा पिशवीत ठेवला. ज्या घरात पाणी गाळून घेतात आणि दिव्यावर पाखरू झेपावेल म्हणून अंधाराआधी जेवतात, तिथं आपण काय विचारलं, हे त्याच्या ध्यानात आलं. "मग काका, पावण्यांस्नी हात जोडून सांगा, उठा म्हणून. उठलं की मला फोन करा."

काकू दारात उभ्या होत्या. "मुंग्या उगंच येत न्हाईत," त्या म्हणाल्या. "इथं गोड कुणी खाल्लं?"

डॉक्टरांनी बापूसोंचं गोड दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. आणि मागच्याच रविवारी, काकू देवळात गेल्या असताना, बापूसोंनी याच सोफ्यावर बसून एक पेढा खाल्ला होता. एकच, पण सावकाश. ते खाली वाकून स्क्रू मोजायला लागले.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी उपाय योजला. पंप चालू करायचा तर आधी पाण्याला वाट द्यावी लागते. त्यांनी डब्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीतून अंगणातल्या पेरूच्या झाडापर्यंत किसलेल्या गुळाची बारीक रेघ ओढली आणि भिंग घेऊन खुर्चीवर बसले. अर्ध्या तासात मुंग्या रेघेला लागल्या. बापूसो हरखले. आणखी अर्ध्या तासानं त्यांना दिसलं, की डब्यातून जितक्या बाहेर निघाल्यात, तितक्याच पेरूखालून आत यायला लागल्यात. मधे भेटल्या की थांबतात, तोंडाला तोंड लावून काहीतरी विचारतात आणि पुढं जातात. काय विचारत असतील, या विचारात त्यांचा आणखी पाऊण तास गेला.

शुक्रवारी सकाळी जोतीरामचा फोन आला. "निघालं का पावणं?"

"पावण्यांनी त्यांचं पावणं बोलावल्यात," बापूसो म्हणाले.

शेवटी काकूंनी तांदळाचं ताट खाली ठेवलं. "अहो, तुमी गुळाचं बघत बसलाय. त्या गुळासाठी आल्या असतील, पण ऱ्हायल्यात उबंसाठी. अंडी हायत नव्हं त्यांची? दुपारचा डबा किती गरम असतोय. माझी पोरं असती तर मीबी तिथंच निजवली असती."

"दुपारचा?" बापूसो म्हणाले. "डबा रविवारीच चालतोय की, तोबी सकाळी."

काकूंचा हात तांदळात थांबला. "खिडकीतनं ऊन येतंय म्हणून म्हटलं."

खिडकी उत्तरेला होती. पण बापूसोंचं मन पेढ्यात गुंतलेलं असल्यानं त्यांना दिशा सुचली नाही.

काकूंनी गुळाची रेघ ओल्या फडक्यानं हळूच टिपून घेतली, एकेका मुंगीला वाट देत. मग एक मातीचं बोळकं आणलं, त्यात थोडी माती आणि गुळाचा खडा टाकला. बापूसोंच्या गुडघ्याची शेकायची पिशवी कोमट पाण्यानं भरली, वर बोळकं ठेवलं आणि डब्याला खेटून लावलं. डबा थंड, बोळकं उबदार. पिशवी निवली की त्या पाणी बदलायच्या. बापूसोंचे गुडघे शुक्रवारभर ठणकत राहिले, पण पिशवी त्यांनी परत मागितली नाही.

शनिवारी दहाच्या सुमाराला पहिली मुंगी अंडं घेऊन निघाली. तिच्या मागं दुसरी. मग ओळच लागली, वरातीसारखी, पांढरी गाठोडी डोक्यावर घेतलेली. नवरा-बायको जमिनीवर बसून पाहत राहिले. काकू ओठातल्या ओठात म्हणायला लागल्या, जात्यावरच्या चालीत, पण शब्द तिथल्या तिथं सुचलेले:

मुंगी निघाली माहेरा, पांढरं बाळ पाठी
माझ्या दारी थांब बाई, गूळ ठेविला तुझ्यासाठी

त्या दिवशी बापूसो दुकानात गेले नाहीत. चार वाजता डबा रिकामा झाला. काकूंनी बोळकं पेरूखाली नेऊन ठेवलं आणि जोतीरामला बोलावणं गेलं.

"जेवायच्या आत उरक बाबा," बापूसो म्हणाले. "दिवस कलायला लागला."

जोतीरामनं पंखा काढला. पात्यांच्या मुळाशी एक चिकट, तपकिरी गोळा घट्ट बसला होता. त्यानं तो चिमट्यानं काढून उजेडात धरला. "गूळ हाय काका. आणि ही बघा शेंगदाण्याची फोलपटं. गूळ-शेंगदाणं खाऊन कुणीतरी इथंच हात झाडल्यात. पंख्यानं आत वढून घेतलं, चिकटून बसला, मग पावणं आलं. काका, पथ्य पाळा की जरा."

"मी गुळाला हात लावलेला न्हाय," बापूसो ताडकन म्हणाले. "मी खाल्ला तो पेढा हुता."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. बापूसोंनी छताकडे पाहिलं. जोतीरामनं पंखा पुसायला घेतला. तो पुसून झाला तरी पुसत राहिला. पेढ्यावरून एवढ्यात बोलणी बसायला हवी होती. पण काकू फक्त "एकच हुता का?" म्हणाल्या आणि आत गेल्या. बापूसोंना हायसं वाटलं. इतकं स्वस्तात कसं सुटलो, याचं नवल वाटलं नाही.

डबा जोडला. पंखा गरगरला. बापूसोंनी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं, आवाज गुळगुळीत होता. जोतीराम पडद्यावर काहीतरी तपासत होता.

"काका, जोरात खेळताय की. ही शर्यत तीनशे बारा तास खेळून झाल्या."

"किती?" बापूसोंनी बोटांवर हिशेब केला. चौदा महिने, साठ रविवार, एकेक तास. "साठ. फार तर पासष्ट."

"हितं तीनशे बारा दावतंय."

"मग त्याचं मीटर पळतंय," बापूसो ठामपणे म्हणाले. "मुंग्यांनी गोंधळ केला असंल."

जोतीरामनं एकदा बापूसोंकडे, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. शेंगदाण्याचं एक फोलपट बोटावर घेऊन फुंकर मारून उडवलं आणि पिशवी खांद्याला लावली. "मीटर लई खोटं बोलत न्हाय काका. येतो."

रविवारी साडेअकराच्या पाऊण तास आधीच बापूसो येऊन बसले होते. मागच्या खुर्चीवर काकू तांदूळ निवडत होत्या, दर रविवारी निवडायच्या तशा. डबा घुमला, पडदा उजळला आणि त्यातून सम्मेदचा आवाज आला.

"आबा, झाला चालू? मला वाटलं आता राहिलंच."

"मलाबी वाटलं हुतं," बापूसो म्हणाले. "पण मुंग्या लई समजूतदार निघाल्या."

"कसल्या मुंग्या?"

मोटारी सुटल्या. बापूसोंनी पहिल्या वळणाला पेरूपर्यंतची गुळाची रेघ सांगितली, दुसऱ्याला बोळकं. सम्मेद हसत होता. तिसऱ्या वळणाला तो म्हणाला, त्याच्या खोलीतही मुंग्या निघतात, घरमालकीण औषध मारते आणि तो आधी जाऊन कागदावर घेऊन त्या बाहेर सोडून येतो, कुणाला सांगितलेलं नाही. बापूसोंना डोळ्यांपुढं रस्ता जरा पुसट दिसायला लागला. सात मिनिटं झाली, आठ झाली, डबा चालूच होता. आणि समोर चौथं वळण आलं. त्यांचं बोट सवयीनं ब्रेककडे गेलं.

"ब्रेक मारू नका."

बापूसोंनी मान वळवली. काकू पडद्याकडे पाहत होत्या. तांदळाचं ताट मांडीवरून खाली आलं होतं आणि दोन्ही अंगठे हवेत हलत होते.

"फुडं बघा, मागं न्हाय. ब्रेक न्हाय मारायचा तिथं. बोट नुसतं सैल सोडायचं, डावीकडं पांढरा दगड दिसला की परत दाबायचं. वरीस झालं, दर रविवारी तुमी तिथंच मार खाताय आणि मी तांदूळ निवडतोय."

बापूसोंनी बोट सैल सोडलं. पांढरा दगड आला. गाडी वळणातून तेलातल्यासारखी निघाली आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा सम्मेदची गाडी मागं दिसली.

"आज्जी?" पडद्यातून आवाज आला. "आज्जी, तू खेळतेस?"

"दोन ते पाच," बापूसो हळूच म्हणाले. आता त्यांना उत्तरेची खिडकी आठवली. "गूळ-शेंगदाणं खाऊन."

"पण मग बोलली का नाहीस? आपण तिघं खेळलो असतो की."

काकूंनी पदरानं बोटं पुसली, त्यावर गूळ नव्हता तरी.

"मी मधी आलो असतो, तर तू माझ्याशीच बोलला असतास," त्या म्हणाल्या. "लहानपणापास्नं तुझं तसंच हाय. मग आबांच्या वाटणीला काय ऱ्हायलं असतं? त्यांस्नी तू आठवड्यातनं हा येवढा एक तास मिळतोस. म्हणून न्हाय बोललो."

सम्मेदची गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली होती. बापूसोंनीही आपली थांबवली. मग त्यांनी मागं वळून हातातला बटणांचा कंट्रोलर काकूंच्या पुढं धरला.

"धरा," ते म्हणाले. "पाचवं वळणबी मला कधी जमलेलं न्हाय."