छत्रीला भोक हवंच!

निर्यातीतलं काहीही मला विचारा! छोट्या उद्योजकांच्या निर्यात मदत केंद्रात गेली अकरा वर्षं मी तीन नंबरच्या खिडकीत बसतो. पहिल्या दोन खिडक्या रिकाम्या असल्या तरी लोक माझ्यासाठी थांबतात. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. म्हणजे, म्हणायचे.

त्यामुळे बायकोच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईंना, परदेशातून एकशेवीस छत्र्यांची पहिलीवहिली ऑर्डर आली तेव्हा घरात कॉलर ताठ झाली ती माझी. "ताई, तुम्ही फक्त छत्र्या शिवा. बाकीचं मी बघतो!"

मंगळवारी त्यांचा फोन आला तेव्हा खिडकीसमोर चांगली आठ माणसं होती. मी मुद्दाम स्पीकर लावला. ऐकू दे लोकांना!

"ताई, फुकट नमुना पाठवताना त्याला भोक पाडायचं. मग तो विकता येत नाही आणि कर लागत नाही."

"पण भाऊजी, आपण तर..."

"पण नाही नि बिण नाही! नाण्याएवढं भोक पाडा."

"सगळ्याच छत्र्यांना?"

"एकही सोडायची नाही. नियम म्हणजे नियम!"

"अहो, पण पाऊस?"

"पावसाचं तुम्ही बघू नका, कागदांचं बघा!"

आठही माणसं हसली. मी ऐटीत फोन ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी ताईंच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, चार शिलाई मशिनं आणि चार बायका. माल सकाळी बंदरावर जायचा होता. भिंतीला खोकी लावून ठेवलेली.

"यातले नमुने कुठले?" मी विचारलं.

"नमुने कसले? गिऱ्हाइकाने फोटो बघूनच ऑर्डर दिली. तेच तर फोनवर सांगत होते. हा खरा माल!"

मी खोक्यांकडे धावलो. खोकं उघडलं. पहिली छत्री, भोक. दुसरी छत्री, भोक. एकशेवीस छत्र्या, एकशेवीस भोकं! आणि काय सुबक!

"कापड उसवू नये म्हणून कडेने टीप मारलीय," एक बाई कौतुकाने म्हणाली. "दोन दिवस मान वर केली नाही आम्ही."

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "तिकडे हल्ली... हवेशीर छत्र्या चालतात."

ताईंनी एक छत्री उघडली आणि भोकाला डोळा लावून माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, काहीतरी चुकलंय ना?"

"हो. माझंच."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. ताई ओरडल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी गिऱ्हाइकाला सरळ खरं ते कळवलं, पंधरा दिवस मागून घेतले आणि नवं कापड आणलं. जुनं उसवायचं काम मला दिलं. तेवढं तरी मला जमेल, असं वाटलं असावं.

परवा ताई आमच्या केंद्रात आल्या. दुसरी ऑर्डर मिळाली होती! भोकांची गोष्ट एव्हाना केंद्रभर झाली होती; माझ्या खिडकीसमोर चिटपाखरूही नव्हतं. मी उठून हाक मारली, "ताई, या ना इकडे!"

त्यांनी एक नंबरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे चौदा माणसं उभी होती.

"राहू द्या भाऊजी," त्या हसून म्हणाल्या, "मला कुठे घाई आहे?" आणि पंधराव्या जाऊन उभ्या राहिल्या.